सातपुड्यातल्या अरुंद वाटांसाठी केवढी गाडी घ्यावी? (जिम्नी, थार, जुनी जिप्सी की बोलेरो)

गोमाईकाठ (शहादा)

राम राम मंडळी.

मी शहाद्याला जनावरांचा डॉक्टर आहे, खासगी. निम्मी कामं खाली सपाटीला, निम्मी वर अक्राणी तालुक्यात (धडगावकडे) पाड्यांवर. गाय अडली की रात्री दहालाही फोन येतो आणि तेव्हा निघावंच लागतं. आजवर एक जुनी हॅचबॅक आणि एक मोटरसायकल यांवर भागवलं. डांबरी संपेपर्यंत कार, पुढे मोटरसायकल, पावसाळ्यात पायी. पण औषधांची पेटी, द्रव नायट्रोजनचा कॅन (कृत्रिम रेतनाच्या कांड्या गार ठेवायला) आणि मागे मदतनीस एवढं मोटरसायकलवर घेऊन घाट चढणं आता चाळिशीनंतर झेपत नाही.

मागच्या ऑक्टोबरात एका मित्राची मोठी सात सीटर फोर बाय फोर (चारही चाकांना ड्राइव्ह) घेऊन वर गेलो होतो. कोणती ते सांगत नाही, गाडीचा काहीच दोष नव्हता. तोरणमाळच्या पलीकडे एका पाड्याकडे उतरत होतो. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला उतार. वळणावर पुढची चाकं निघून गेली आणि मागचं आतलं चाक कडेच्या दगडावर चढलं. पुढे जाता येईना, वळवायला जागा नाही. मदतनीस टॉर्च घेऊन मागे उभा, आणि मी जवळजवळ चारशे मीटर रिव्हर्स आलो. पावणेदोन तास गेले. मग गाडी तिथेच ठेवून चालत गेलो. गाय वाचली, वासरू गेलं.

त्या गाडीत ताकद होती, लो रेंज (हळू पण जोराने ओढणारे गिअर) होती, पोटाखाली क्लिअरन्स होता. जागा तेवढी नव्हती. ते वासरू अजून डोक्यातून जात नाही.

तर प्रश्न असा. आता स्वतःची गाडी घ्यायची आहे. घरात आम्ही चौघं, वर्षातून चार-पाच वेळा नाशिक होतं. बाकी सगळा वापर असा. यादीत मारुतीची जिम्नी, महिंद्राची थार थ्री डोअर (तीन दारांची), चांगली मिळाली तर जुनी जिप्सी, आणि बोलेरो. या भागात चालवणाऱ्यांनी सांगावं, रुंदीचा आणि लांबीचा किती फरक पडतो?

लळिंगवाला (धुळे)

डॉक्टरसाहेब, वाचून वाईट वाटलं.

माझ्याकडे थार रॉक्स आहे, म्हणजे पाच दारांची लांब थार, फोर बाय फोर. चौघांचं कुटुंब म्हणताय तर माझं मत तिच्याच बाजूने पडेल. मागे दारं आहेत, डिकी आहे, हायवेला स्थिर चालते. लांबी ४४२८ मिमी, रुंदी १८७०. तोरणमाळला मी दोनदा गेलोय, पालला गेलोय, बिलगावच्या धबधब्याकडे गेलोय, कुठे अडलो नाही. वर रस्त्यांची कामंही चालू आहेत. आज अरुंद वाटणारी वाट पाच वर्षांनी डांबरी होईल. त्या पाच वर्षांसाठी घरच्यांना छोट्या गाडीत का दाटीवाटीने बसवायचं?

सातपायरी (तोरणमाळ रोड)

लळिंगवाला भाऊ, तुम्ही ज्या ज्या ठिकाणांची नावं घेतली तिथे रोज क्रूझर (वडापची लांब प्रवासी जीप) जाते. क्रूझरची रुंदी थारएवढीच आहे आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या आसांतलं अंतर) तीन मीटरच्या वर, तेही टू व्हील ड्राइव्ह. जिथे बारा-पंधरा माणसं भरून क्रूझर जाते तिथे कुठलीही गाडी जाईल. काठीच्या होळीला किंवा दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला या बाजूला येऊन बघा, क्रूझर आणि जुन्या कमांडर कुठपर्यंत चढतात ते. डॉक्टरांचा प्रश्न क्रूझर थांबते तिथून पुढचा आहे.

माझ्याकडे १९९८ पासून जिप्सी आहे. आधी वडील चालवायचे, आता मी. ती १५४० मिमी रुंद म्हणजे पाच फुटांच्या किंचित वर, लांबी ४०१०, व्हीलबेस २३७५. वजन टनाच्या आसपास. आमच्या बाजूच्या वाटा पाहिल्या तर त्यांची मूळ मापं जीपने आणि लाकडाच्या गाड्यांनी पाडलेली आहेत. जुनी जीप पाच फुटी होती, म्हणून जुनी वाटही तेवढीच. कोणी ती रुंद केली नाही, पावसाने एक कड खाल्ली तर ती अरुंदच झाली.

पाच फुटी गाडीला सात फुटी वाटेवर दोन्हीकडे एकेक फूट मिळतो. सहा फुटी गाडीला सहा-सहा इंच. कागदावर हा फरक सहा इंचांचा दिसतो, चालवताना तो वेगळाच होतो. एका फुटात तुम्ही मोठा दगड चुकवून चाक ठेवू शकता. सहा इंचांत गाडी वाट नेईल तशीच जाते, दगड चाकाखाली यायचा तर येतोच.

आणि वजन. दरीकडची कड मुरमाची असते, खालून पाण्याने पोखरलेली. जिप्सी जाते तिथून पावणेदोन टनांची गाडी जाईलच असं नाही. उतरून कडेवर पाय आपटून बघायचं, पोकळ आवाज आला तर तिकडे चाक न्यायचं नाही. वडिलांनी शिकवलेलं, आजही करतो.

जिप्सीचे दोष पण सांगतो. एसी नाही, मागच्या सीटवर बाईमाणसाला नाशिकपर्यंत बसवणं हा त्रास आहे, ब्रेक आजच्या गाड्यांसारखे नाहीत, एअरबॅग नाही. घरच्यांसाठी मी ती घ्या असं म्हणणार नाही.

केळीवाला (रावेर)

मी थार थ्री डोअर तीन वर्षं वापरतोय, २०२० नंतरचं मॉडेल, डिझेल. सातपुड्यात कमी, शेतरस्त्यांना जास्त. आमच्याकडे अडचण दगडाची नसते. दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा, बांधावर ठिबकच्या नळ्या, मध्ये पाणंद. घड लोंबत असतात, गाडी घासली की घडाला डाग पडतो आणि व्यापारी भाव पाडतो. तिथे थारची १८२० रुंदी नडते. आरसे मिटूनच जावं लागतं. कंपनी रुंदी सांगते ती आरसे सोडून, हे घेताना माझ्या लक्षात नव्हतं. आरसे उघडे धरून किती भरते ते शोरूममध्ये टेप लावून बघा.

पण थारच्या बाजूने एक सांगतो. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेल्या असतात, मध्ये उंचवटा राहतो. तिथे २२६ मिमीचा क्लिअरन्स आणि २४५० चा आखूड व्हीलबेस यांमुळे पोट टेकत नाही. बांध ओलांडतानाही तसंच. कंपनीच्या आकड्यांत थारचा मधला कोन (पोट न टेकता किती टोकदार उंचवटा ओलांडता येतो तो) २७ अंश आहे, जिम्नीचा २४, रॉक्सचाही जवळपास २४. जिम्नीला पाच दारं देताना व्हीलबेस २५९० केला, त्याची ही किंमत आहे. तीन दारांची जिम्नी २२५० ची. ती आपल्या देशात बनते आणि बाहेर जाते, आपल्याला मिळत नाही. मिळाली असती तर डॉक्टरांना दुसरं काही सुचवलंच नसतं.

आणखी एक, काळ्या मातीबद्दल. पाऊस पडून गेला की वाफसा येईपर्यंत काळ्या शेतरस्त्याला कुठलीही गाडी घालू नका. फोर बाय फोर असली तरी. माती चाकाला गुंडाळत जाते, मडगार्ड भरतं, चाक गोल लाडवासारखं होतं आणि गाडी पाटावर बसल्यासारखी बसते. शेतकरी औत घालायला थांबतो ना, तसं थांबायचं. नाहीतर आपण पाडलेल्या चाकोऱ्या वाळून दगड होतात आणि पुढचे चार महिने बैलगाडीवाला त्यात हाल काढतो.

गणिताचा मास्तर (अमळनेर)

डॉक्टर, तुमचं मागचं चाक आत का गेलं ते आकड्यांत मांडून बघितलं. उपयोग होईल असं वाटतं.

वळणावर मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतून जातात. बैलगाडीला हा प्रश्न येत नाही, तिला एकच आस. मोटारीला दोन आस, आणि त्यांच्यातलं अंतर म्हणजे व्हीलबेस. समजा पुढच्या आसाचा मध्य ६ मीटर त्रिज्येच्या वळणावरून जातोय. मग मागच्या आसाची त्रिज्या पायथागोरसने निघते, सहाच्या वर्गातून व्हीलबेसचा वर्ग वजा करून वर्गमूळ. दोन्ही त्रिज्यांतला फरक एवढी गाडी आत सरकते.

जिप्सी ४९ सेंटीमीटर आत येते, थार थ्री डोअर ५२, जिम्नी ५९, रॉक्स २८५० च्या व्हीलबेसमुळे ७२.

आता यात गाडीची रुंदी मिळवा, म्हणजे त्या वळणावर गाडीला किती रुंद जागा लागेल ते ढोबळमानाने कळतं. जिप्सीला २.०३ मीटर. जिम्नीला २.२३. थारला २.३४. रॉक्सला २.५९. पुढचा बंपर धरला तर सगळ्यांचे आकडे थोडे वाढतील, क्रम तोच राहील.

यात मला एक गोष्ट नवी वाटली. सरळ वाटेवर जिम्नी आणि थार यांच्यात साडेसतरा सेंटीमीटरचा फरक आहे. वळणावर तो अकरा सेंटीमीटर उरतो, कारण जिम्नी अरुंद असली तरी व्हीलबेसला लांब आहे. म्हणजे सरळ पण दोन्हीकडून आवळलेल्या वाटेला नुसती रुंदी बघावी, नागमोडी घाटवाटेला रुंदी आणि व्हीलबेस दोन्ही मिळून बघावं. रॉक्स आणि थार यांच्यात सरळ वाटेवर पाचच सेंटीमीटरचं अंतर आहे, वळणावर पंचवीस. थारचा अनुभव रॉक्सला लावू नये, तो असा.

डॉक्टर, त्या वळणाची रुंदी तुम्ही मोजली आहे का?

गोमाईकाठ (शहादा)

नाही मास्तर, मोजली नाही. मोजायला हवी होती. येत्या रविवारी टेप घेऊन जातो.

जिभाऊ (चोपडा)

राम राम भाऊस्वन. मी तलाठी व्हतू, आते रिटायर शे. बाकी मराठीत लिखस, सगळ्यांना समजेल.

केळीवाल्या भाऊंनी पाणंदीचा विषय काढला म्हणून लिहितो. गावच्या नकाशावर ग्रामीण रस्ता ३३ फुटांचा असतो, गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फुटांचा आणि पायमार्ग सव्वाआठ फुटांचा. तुम्ही आज ज्या सात फुटी वाटेवरून गाडी नेताय ती पुष्कळदा नकाशावर साडेसोळा फुटांची गाडीवाट असते. दोन्हीकडचा शेतकरी दर नांगरटीला बांध हातभर रस्त्यात सरकवतो, त्यावर बाभूळ उगवते, मग कुंपण येतं. तीस वर्षांत अर्धी वाट शेतात जाते. मी नोकरीत हे पावलोपावली पाहिलं आणि मोजणीला गेलो की भांडणंही पाहिली.

नकाशावरचा रस्ता अडवला असेल तर तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अर्ज करता येतो. रस्ताच नसेल आणि बांधावरून नवा मागायचा असेल तर जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १४३ आहे. गाडी पाच लाखांनी महाग घेण्याआधी गावाने एकत्र येऊन पाणंद मोकळी केली तर डॉक्टरही येईल, ट्रॅक्टरही येईल, ॲम्ब्युलन्सही येईल.

डोंगरात हे लागू नाही. तिथे वनखात्याची जमीन. यावल अभयारण्यात किंवा अनेरच्या बाजूला वाट दिसली म्हणून गाडी घालू नका, परवानगी लागते. डॉक्टर कामाला जातात त्यांचं वेगळं, त्यांना गार्ड ओळखत असतील. पण धागा वाचून नुसते फिरायला जाणारेही निघतील, त्यांच्यासाठी लिहिलं.

पांझरेचं गॅरेज (धुळे)

जुन्या जिप्सीबद्दल थोडं. जिप्सी बंद होऊन काही वर्षं झाली. बाजारात ज्या फिरतात त्यात लष्कराच्या लिलावातल्या बऱ्याच. त्यात वाईट काही नाही, पण आरसी, इंजिन नंबर, चेसिस नंबर तिन्ही जुळवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. पंधरा वर्षं झाली असतील तर फेरनोंदणी झाली आहे का ते बघा. मग खाली झोपा आणि चेसिसला, बॉडीच्या माउंटिंगला हातोडी मारून बघा. गंज रंगाखाली लपतो, आवाजात लपत नाही. ट्रान्सफर केस (चारही चाकांना जोर वाटणारा गिअरबॉक्स) फोर लोमध्ये टाकून चढावर चालवा, उडी मारत असेल तर सोडून द्या. पुढच्या हबना फ्री व्हीलिंगचे नॉब (पुढची चाकं ड्राइव्हपासून सोडवणारे) आहेत का आणि ते फिरतात का ते बघा. पाट्यांचे बुश स्वस्त आहेत, त्याला घाबरू नका.

बोलेरोबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. १७४५ मिमी रुंद, व्हीलबेस २६८०, मागच्या चाकांना ड्राइव्ह. खान्देशात कुठल्याही गावात तिचा पार्ट मिळतो आणि कुठलाही मिस्त्री ती खोलतो. डॉक्टरांच्या सपाटीवरच्या निम्म्या कामाला ती उत्तम. वरच्या निम्म्याला नाही.

टायरचा एक मुद्दा राहिला. लोक अरुंद गाडी घेतात आणि तिला रुंद टायर घालतात. टायर बॉडीच्या बाहेर आले की तुम्ही विकत घेतलेली अरुंदी तिथेच घालवली. शिवाय साइडवॉल बाहेर राहते आणि खडकाला पहिली तीच घासते. जिम्नीचे मूळ टायर १९५ चे आहेत, तेवढेच राहू द्या, फार तर एटी (डांबर-माती दोन्हीला चालणारा) पॅटर्न घाला.

अक्राणीची लेक (धडगाव)

मी इथे आरोग्य केंद्रात नर्स आहे. डॉक्टरभाऊ, तुमच्या वासराचं वाचलं. आमच्याकडे ते माणसांच्या बाबतीत होतं.

आमच्या कित्येक पाड्यांवरून आजही बाळंतीण बाई बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणतात. चार माणसं खांदा देतात, दोन पुढे चालतात. तिथपर्यंत ॲम्ब्युलन्स येते आणि उभी राहते. गेल्या पावसाळ्यात झोळी उतरत होती आणि खाली वळणावर फिरायला आलेल्या मंडळींची मोठी गाडी अडकलेली. वाट पूर्ण बंद. त्यांना मागे जाता येत नव्हतं, ॲम्ब्युलन्सला पुढे येता येत नव्हतं. माणसं झोळी घेऊन गाडीच्या कडेने, उताराच्या बाजूने, घसरत पुढे गेली. बाई सुखरूप राहिली. पण मला ते वळण रोज दिसतं.

म्हणून माझी विनंती सगळ्यांना. गाडी वाटेतून जाते का एवढंच मोजू नका. तुमची गाडी उभी असताना शेजारून झोळी जाईल का, मोटरसायकल जाईल का, ते बघा. सहा फुटी वाटेत साडेपाच फुटी गाडी घातली तर तुम्ही गेलात, पण वाट तुमच्यासोबत बंद झाली. अशा ठिकाणी गाडी रुंद जागेवर, शक्यतो शाळेजवळ किंवा पाण्याच्या टाकीजवळ लावा आणि चाला.

आणि घाटात वर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा वाहतुकीचा नियमच आहे. उतरणाऱ्याने थांबायचं, मागे घ्यायचं. बाहेरून आलेल्यांपैकी फार थोडे पाळतात.

लळिंगवाला (धुळे)

ताई, हे वाचून मी माझी पहिली पोस्ट पुन्हा वाचली. मी जातो तेव्हा वाट कोणासाठी बंद होते हा विचार मी कधी केला नव्हता. मास्तरांचे आकडेही पटले. रॉक्स माझ्या कामाला बरोबर आहे, डॉक्टरांच्या कामाला नाही. रस्ते होतील तेव्हा होतील, गाय आज अडते.

फक्त एक विचारतो. फोर्सची गुरखा कोणी सुचवली नाही. दोन्ही ॲक्सलला डिफ लॉक (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा) आहे, स्नॉर्केल (इंजिनाची हवा उंचावरून घेणारी नळी) कंपनीकडून येतं, ७०० मिमी पाण्यातून जाते.

सातपायरी (तोरणमाळ रोड)

गुरखा दणकट आहे, वाद नाही. पण ती थारपेक्षाही रुंद आणि उंच. लॉक अडकलेलं चाक सोडवतो, अडकलेली गाडी बारीक करत नाही. आणि डोंगरातल्या ओहोळाचं पाणी ७०० मिमी आहे का ९०० हे गढूळ पाण्यात कळत नाही, वरच्या बाजूला पाऊस झाला असेल तर दहा मिनिटांत गोटे वाहायला लागतात. अशा वेळी स्नॉर्केल असो नसो, काठावर थांबतो तोच घरी जातो. डॉक्टरांना त्याची गरज वाटत नाही.

गोमाईकाठ (शहादा)

मंडळी, रविवारी जाऊन आलो. मदतनीस, टेप आणि मास्तरांनी फोनवर सुचवलेली युक्ती, म्हणजे दोन बांबू. एक लांब, एक आखूड. दोघांनी टोकं धरून वाटेवरून आडवा चालवत नेला. जिथे बांबू खडकाला, झाडाला किंवा कडेला अडला तिथे टेप लावला. नेहमीच्या तीन वाटा दिवसभरात चालून मोजल्या. गाडीतून दहा वेळा गेलो होतो त्या वाटा पायी वेगळ्याच दिसल्या.

पहिली वाट, झापीच्या दिशेची. सगळ्यात अरुंद जागा साडेसात फूट, सरळ. इथे यादीतली कुठलीही गाडी जाते.

दुसरी, जिथे वासरू गेलं ती. वळणावर एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला मोहाचं जुनं झाड आणि त्याच्या मुळांनी धरलेली कड. रुंदी सात फूट सहा इंच, म्हणजे २.२८६ मीटर. मास्तरांच्या आकड्यांत जिम्नी पाच सेंटीमीटर राखून जाते, आणि बंपर धरला तर तेही उरत नाहीत. थार एका दमात जात नाही. जिप्सी सहज. मित्राच्या त्या गाडीला इथे आठ फुटांहून जास्त जागा लागत होती. मी त्या रात्री रस्त्याला, अंधाराला, स्वतःच्या हाताला दोष देत होतो. मुळात ती गाडी तिथून वळूच शकत नव्हती. गाडी घालण्याआधी कळू शकलं असतं, याची हळहळ वाटते.

पण मोजताना दुसरी गोष्ट सापडली. त्या वळणाच्या अलीकडे दीडशे मीटरवर एक सपाट जागा आहे, पाड्यातली पोरं तिथे क्रिकेट खेळतात. जिम्नी तिथे दोन-तीन वेळा मागेपुढे करून वळू शकते. तिथून पाडा चालत वीस मिनिटं. पाड्याच्या कारभाऱ्यांशी बोललो. ते म्हणाले, डॉक्टर, तुम्ही गाडी इथे लावा, पेटी न्यायला आम्ही पोरं पाठवतो, मोहाच्या झाडाला हात लावू नका. झाड तोडून वाट रुंद करावी असं माझ्या मनात एकदा येऊन गेलं होतं, ते तिथेच सोडलं. दर उन्हाळ्यात त्या झाडाची फुलं चार घरं वेचतात.

तिसरी वाट फक्त पायी किंवा मोटरसायकलने. पाच फूट, मध्ये मध्ये चार. तिथे जिप्सीसुद्धा नाही. मोटरसायकल ठेवावीच लागणार.

त्यावर ठरलं असं, की जिम्नी घेतो. जिप्सी दुसऱ्या वाटेला तिच्यापेक्षा सरस आहे हे मान्य. पण बायको-पोरांना घेऊन नाशिक हायवेला चालायचं तर एअरबॅग आणि चांगले ब्रेक हवेत, आणि त्या एका वळणासाठी वीस मिनिटं चालायला मी तयार आहे. थार आवडते, पोटाचा कोन तिचा चांगला, पण माझ्या वाटांवर पोट टेकायची भीती कमी आणि कडा घासायची जास्त आहे. डिकी २०८ लिटरची, लहान आहे. मागची एक सीट पाडून पेटी आणि तीन लिटरचा कॅन उभा बांधता येतो हे शोरूममध्ये कॅन नेऊन पाहिलं. कॅन आडवा चालत नाही, आणि नायट्रोजन गाडीत साचू नये म्हणून काच दोन बोटं उघडी ठेवावी लागते, पशुवैद्य मित्रांसाठी लिहून ठेवतो.

मास्तर, बांबू गाडीच्या टपावर बांधून ठेवणार आहे.

गणिताचा मास्तर (अमळनेर)

फार बरं वाटलं. पाच सेंटीमीटरवर मात्र विसंबू नका. वाट ओली असेल तेव्हा गाडी उताराकडे तेवढी सरकतेच.

पांझरेचं गॅरेज (धुळे)

डॉक्टर, गाडी आली की पहिल्या सर्व्हिसआधी एकदा धुळ्याला या. मागच्या बाजूला टो हुक कुठे आहे, पट्टा कसा लावायचा, जॅक मुरमात बुडू नये म्हणून खाली फळी कशी घालायची, एवढं दाखवून देतो. पैसे नकोत.

अक्राणीची लेक (धडगाव)

भाऊ, ती क्रिकेटची जागा मला माहीत आहे. तिथे उत्तरेच्या बाजूला, हातपंपाकडे लावा, तोंड खाली करून. दक्षिणेच्या बाजूने झोळी येते, ती जागा मोकळी ठेवा. आणि माझा नंबर पाड्याच्या आशाताईंकडे आहे, रात्री निघालात तर त्यांना सांगा. वर कोणी अडलेली बाई असेल तर उतरताना तुमच्या गाडीत तिला आणता येईल.

गोमाईकाठ (शहादा)

नक्की ताई. मागची सीट त्यासाठी मोकळी ठेवतो, पेटी पायाशी घेईन. हातपंपाकडे, तोंड खाली करून, लक्षात ठेवलं.